दहा थर आणि न आलेली बस

[दृश्य: सकाळची चाळ, गॅलरीतून गॅलरीत बांधलेला दोर, मधे मटकी]

सगळ्यात वरच्या पोराला आम्ही एक्का म्हणतो. तो हात सोडून सरळ उभा राहिला की खालची हजारो माणसं एकदम गप्प होतात, श्वास पण घेत नाहीत, आणि मग जो आवाज उठतो तो ज्याने ऐकलाय त्यालाच माहिती.

मी सहा वर्षं तिसऱ्या थराला होतो. गुरुपौर्णिमेला प्रॅक्टिस सुरू व्हायची, कामावरून आलो की थेट मैदानात, रात्री अकरा-साडेअकराला घरी, खांद्याची सालटं निघालेली, आई हळद लावायची आणि शिव्या पण द्यायची. दहीहंडीवर माझा जीव आहे आणि म्हणूनच हा व्हिडिओ बनवतोय.

[दृश्य: मोठं स्टेज, क्रेन, नेत्यांचे कटआउट]

ही आताची हंडी. चौकात क्रेन, स्टेजवर नट-नट्या, आणि पोरांच्या टी-शर्टवर पाठीला पथकाचं नाव बारीक, छातीवर नेत्याचा फोटो मोठा. पोरांना दोष देऊ नका प्लीज. ट्रक लागतो, टी-शर्ट लागतात, दोनशे पोरांचा नाश्ता लागतो, हे पैसे वर्गणीतून निघत नाहीत, मग जो देतो त्याचा फोटो छातीवर येतो. आमच्या पण आला होता.

2022 चा ऑगस्ट आठवतोय? कोरोनाची दोन वर्षं गेलेली, नवीन सरकार येऊन दोन महिने पण झाले नव्हते, आणि हंडीच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंनी विधानसभेत सांगितलं की दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा, गोविंदांना सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू कोट्याचा फायदा, आणि थरावरून पडून जीव गेला तर घरच्यांना 10 लाख. गोविंदाच्या घरासाठी ते 10 लाख खूप मोठी गोष्ट आहे, मी त्याला वाईट म्हणणारच नाही. पण टीव्हीवर दोन-तीन दिवस फक्त तेच चाललं, आणि तेव्हाच मुंबईत दुसरं काहीतरी होत होतं ज्याची कुणी घोषणा केली नाही.

[दृश्य: बस स्टॉप, ऑफिसची वेळ, रांग]

लाल बस. दहा-बारा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांच्या वर बस होत्या. 2019 ला युनियनसोबत करार झाला की बेस्टच्या स्वतःच्या 3,337 बस कायम ठेवायच्या, त्याच वर्षी तिकीट 5 रुपयांवर आणलं, लोकं खुश झाली, खरंच परत बसकडे वळली. पण जुन्या बस वय झालं म्हणून एकेक करून भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या घेतल्या नाहीत, भाड्याच्या आणल्या, म्हणजे बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, किलोमीटरमागे पैसे. मग काही ठेकेदार परवडत नाही म्हणून मधेच सोडून गेले आणि त्यांच्या गाड्या पण रस्त्यावरून गेल्या. 9 डिसेंबर 2024 ला कुर्ल्यात गर्दीत घुसली ती बस पण भाड्याचीच. 2025 मध्ये बेस्टच्या स्वतःच्या बस हजारच्या आत आल्या. 3,337 चं काय झालं, विचारायचं कुणाला?

हे विचारायची जागा असते. बेस्ट समिती असते, तिथे नगरसेवक बसतात, बजेटवर भांडतात. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि त्यानंतर 2025 संपेपर्यंत या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक. म्हणजे बस कमी होत होत्या आणि भांडायला माणूसच नव्हता, पण माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, सगळे हंड्या बांधायला हजर होते. मला तर वाटतं निवडणूक नव्हती म्हणूनच हंड्या एवढ्या मोठ्या झाल्या, लोकांसमोर यायला दुसरी जागाच उरली नव्हती.

पैसे नव्हते असं पण नाही हो. 2025-26 चं महापालिकेचं बजेट 74,427 कोटींचं, त्यात बेस्टला 1,000 कोटी. आणि 9 मे 2025 पासून साध्या बसचं कमीत कमी तिकीट 5 चं 10 झालं, एसीचं 6 चं 12. डबल. धुणीभांडी करणारी बाई, जी दोन बस बदलून जाते, तिचा रोजचा हिशोब लावून बघा, जाताना दोन, येताना दोन. त्याआधी जानेवारीत एसटी पण 14.95 टक्क्यांनी महागली होती.

[दृश्य: ठाणे, पाऊस, थर लागतायत]

16 ऑगस्ट 2025, ठाणे, वर्तकनगर. प्रताप सरनाईकांच्या प्रतिष्ठानची हंडी. ते वर्षानुवर्षं बांधतात, 2012 ला जय जवान पथकाने नऊ थरांचा 43.79 फुटांचा गिनीज रेकॉर्ड इथेच केला होता. यावेळी जोगेश्वरीच्या कोकण नगरने दहा थर लावले. दहा! मी मोबाईलवर बघत होतो आणि रडलो, खोटं नाही बोलत. आणि सरनाईक आता राज्याचे परिवहन मंत्री आहेत, एसटी त्यांच्या खात्याची. तो क्लिप दिवसभर प्रत्येक ग्रुपवर फिरला, मी पण फॉरवर्ड केला. भाडेवाढीची बातमी मी एकालाही पाठवली नव्हती.

त्याच दिवशी मानखुर्दला हंडीचा दोर बांधताना एकाचा पडून जीव गेला. ती बातमी पण खाली गेली.

[दृश्य: रात्र, रिकामा चौक, चिखलात टी-शर्ट]

रात्री सगळं आवरलं की पथकाचा ट्रक पोरांना नाक्यावर सोडतो. आमच्या पथकातली अर्धी पोरं डिलिव्हरीला, कुरिअरला, मॉलमध्ये आहेत, सकाळी आठला ड्युटी. पाय सुजलेला, हाताला क्रेप बँडेज, छातीवर तोच फोटो असलेला टी-शर्ट, कारण धुतलेला दुसरा नसतो. स्टॉपवर उभी असतात. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. मग चौघं मिळून शेअर रिक्षा करतात.