फुकट नाही आला

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय वर्षानुवर्षं चालणाऱ्या विज्ञानकथांबद्दल. ‘स्टार ट्रेक’, ‘स्टार वॉर्स’, ‘डॉक्टर हू’. आजोबांच्या काळात सुरू झाल्या आणि आता नातवंडं बघताहेत. यातली ‘स्टार ट्रेक’ १९६६ सालची. मी या कथांची जुनी चाहती आहे, आणि त्या लिहिणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. मेलेलं माणूस परत आणायचं असेल तर खुशाल आणा. पण फुकट आणू नका.

हे मला शिकवलं माझ्या आजीने. शनिवार पेठेतल्या वाड्यात, वाती वळता वळता. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

१९८५ चा श्रावण. मामाने एका रात्रीसाठी भाड्याने व्हीसीआर आणला होता. डिपॉझिट भरून, पिशवीत गुंडाळून, छत्री स्वतःवर न धरता त्या पिशवीवर धरून. सकाळी दहाच्या आत परत द्यायचा, म्हणून रात्रभर जागायचं. आम्ही मुलं सतरंजीवर, मामा खुर्चीत, आणि मागे भिंतीला टेकून, एक पाय लांब करून आजी. चातुर्मासात तिने लक्षवातींचा नेम धरला होता. मांडीवर कापूस, शेजारी वाटीत राख. राखेला बोट लावायचं, कापूस ओढायचा, तळहातावर वळायचा. ते चालू असताना ती टीव्हीकडे बघायची, हाताकडे बघायचीच नाही.

(आजकाल तयार वातींची पाकिटं मिळतात. मीही तीच आणते. पण हाताने वळलेली वात सावकाश जळते, हे माझं मत मी सोडणार नाही.)

चित्रपट होता ‘स्टार ट्रेक’चा दुसरा, १९८२ चा. स्पॉक तुम्हाला ठाऊक आहेच, टोकदार कानांचा, भावना आवरून धरणारा. अंतराळातलं आपलं जहाज वाचवायचं म्हणून तो किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरतो आणि यंत्र चालू करतो. कॅप्टन कर्क धावत येतो. पण मध्ये काच. आतून स्पॉक काचेवर पंजा ठेवतो, दोन बोटं इकडे, दोन तिकडे. बाहेरून कर्क त्याच्या हातावर हात ठेवतो. हाताला लागते ती काच.

मी सहज मागे वळून पाहिलं. आजीचा हात थांबला होता. अर्धी वळलेली वात तळहातावर तशीच.

“कोण होता रे हा त्याचा?”

“मित्र, आई.”

“मित्र कसला, भाऊच म्हण.” आणि त्या रात्री तिने पुढे एकही वात वळली नाही.

सकाळी चहा गाळताना मामा बोलून गेला की तिसरा भाग आलाय, त्यात स्पॉक परत येतो. आजीने गाळणं खाली ठेवलं.

“परत येतो? मग काल मी रडले ते काय उगाच?”

श्रोतेहो, लांबलेल्या कथांबद्दल चाहत्यांच्या जेवढ्या तक्रारी मी आजवर ऐकल्या, त्या सगळ्या या एका वाक्यात बसतात. काल मी रडले ते काय उगाच?

पुढच्या श्रावणात मामाने तिसरा भाग आणला. या वेळी आजी वाती न घेताच बसली, अगदी परीक्षेला बसवल्यासारखी. स्पॉकला शोधायला निघालेल्या कर्कला जहाजावर बातमी येते की त्याच्या मुलाला मारलं. कर्क दोन पावलं मागे सरकतो, खुर्चीत बसायला जातो, खुर्ची चुकते आणि तो खाली कोसळतो. एवढा मोठा कॅप्टन! आजी म्हणाली, “अगं बाई.” कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. (बाहेरच्या चित्रपटांना हिंदी आवाज चिकटवतात ते मला पटत नाही, त्याचं कारण ही माझी आजी.) मग कर्क स्वतःच्या हाताने आपलं जहाज उडवून देतो. सगळे परक्या ग्रहावर उभे राहून, आभाळातून जळत जाणारी ती रेघ बघतात. शेवटी स्पॉक परत येतो, पण आपल्या माणसांना धड ओळखतही नाही. बऱ्याच वेळाने कर्कचं नाव तेवढं आठवतं.

चित्रपट संपला. आजीने बोटं मोजली. “मुलगा गेला. जहाज गेलं. आणि आला तो असा. नाही, फुकट नाही आला.” मग मामाला म्हणाली, “अरे, सावित्रीसुद्धा यमामागे पायी चालत गेली. बसल्या जागी नाही मिळाला सत्यवान.”

आता वेळ थोडा उरलाय, म्हणून भराभर सांगते. २०१३ साली ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी तोच प्रसंग उलटा करून दाखवला. तीच काच, तेच पंजे, पण आत कर्क आणि बाहेर स्पॉक. कर्क मरतो आणि पडद्यावर काही मिनिटांत खान नावाच्या खलनायकाच्या रक्तावर जिवंत होतो. काहीही न गमावता. त्या रक्ताने मेलेला उठत असेल तर त्या जगात पुढे कुणी मरायचंच कशाला?

‘स्टार वॉर्स’मध्ये १९८३ साली बाप मुलाला वाचवण्यासाठी दुष्ट सम्राटाला खोल खाईत फेकतो आणि त्यातच स्वतः मरतो. २०१९ साली सम्राट परत! कसा, ते एका वाक्यात उरकलं. त्यात सम्राट परत आला, पण त्या बापाचं मरण उणं झालं. (त्याच मालिकेत १९९९ साली ‘फोर्स’ची, म्हणजे त्या कथेतल्या गूढ शक्तीची, जाण पेशींतल्या सूक्ष्म जीवांशी नेऊन जोडली, तेही मला आजतागायत खुपतं. प्रत्येक गोष्टीचा खुलासा कशाला हवा?)

उलट ‘डॉक्टर हू’ बघा. १९६३ साली बीबीसीवर सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, हे मी ऐकेल त्याला अभिमानाने सांगते. १९६६ मध्ये मुख्य नटाची प्रकृती साथ देईना, तेव्हा लेखकांनी ठरवलं की कथेचा नायक, डॉक्टर, मरणाच्या दारात गेला की देह पालटतो. चेहरा नवा, स्वभाव नवा. डॉक्टर राहतो, पण तुमचा लाडका डॉक्टर जातो तो जातोच. पुन्हा सांगते, फुकट काही नाही.

एक सांगायचं राहिलं. तिसरा भाग संपला त्या रात्री आजीने विचारलं, “पुढचा कधी?”

“अजून आला नाही, आई.”

“लागू दे वेळ. जहाज बांधायचंय त्यांना.”

चौथा भाग त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत लागला. आमच्याकडे कॅसेट यायला बराच काळ गेला. मामा पिशवी घेऊन दारात आला, तेव्हा चपला काढायच्या आतच आजीने विचारलं, “झालं का जहाज बांधून?”

झालं होतं. शेवटी शेवटी दिसतं ते.

नमस्कार.