दोन विरुद्ध एक

मंडळी, फोनशी मराठीत बोलून पाहिलेले इथे पुष्कळ जण असतील. बातम्यांतली मराठी त्याला बऱ्यापैकी कळते. आपल्या बेळगावकडच्या घरातली, खानापूरच्या बाजारातली मराठी कानावर पडली की तो अडखळतो. असं का होतं, यावर आज बोलायचं आहे.

यंत्र उदाहरणांवरून शिकतं. ढीगभर चित्रं किंवा ध्वनिफिती, आणि प्रत्येकीत काय आहे हे माणसाने लिहून दिलेलं. या कामाला लेबलिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ फेई-फेई ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेला इमेजनेट हा चित्रसंग्रह पुढे १ कोटी ४० लाखांवर गेला. चार-दोन विद्यार्थी बसवून एवढं काम उरकणं शक्यच नव्हतं. ते ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर वाटलं गेलं. तिथे घरबसल्या माणसं थोड्या पैशांत अशी बारीकसारीक कामं करतात.

अनोळखी माणसाच्या एका उत्तरावर विसंबायचं कसं? म्हणून तेच चित्र अनेकांना दाखवून बहुमत धरतात. मांजर की कुत्रा एवढाच प्रश्न असेल तर हे छान जमतं. मजकुरातल्या भावना ओळखण्याच्या कामात सरासरी चार सामान्य माणसांची उत्तरं एकत्र केली की एका तज्ज्ञाची बरोबरी होते, असं २००८ च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. समजा, एक ध्वनिफीत आहे: 'मी येऊलालोय गा, तिथंच थांब.' म्हणजे, मी येतोय रे. ती तिघांकडे गेली. पुण्याच्या बाईंनी आणि नागपूरच्या मुलाने 'अस्पष्ट' असा शेरा मारला. बेळगावातल्या शहापूरच्या मुलीने वाक्य जसंच्या तसं उतरवलं. दोन विरुद्ध एक. फीत बाद. तिघांनीही प्रामाणिकपणे काम केलं, तरी जिला खरोखर कळलं तिचंच मत रद्द झालं. आणि असं होत राहिलं तर हिचं उत्तर इतरांशी जुळत नाही अशी नोंद होते. मेकॅनिकल टर्कवर काम देणारा ते नाकारू शकतो, मग त्या कामाचे पैसेही मिळत नाहीत. हे मला फार लागतं, कारण बेळगाव, निपाणी, खानापूरकडचं नेमकं ज्ञान ज्यांच्यापाशी आहे तेच यात कच्चे ठरतात.

यावर गणिती उपाय आहेत. डेविड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच एक रीत मांडली: कोण किती चुकतं याचा अंदाज बांधायचा आणि त्यानुसार प्रत्येकाच्या मताला वजन द्यायचं. रीत चांगली आहे, आजही वापरात आहे. पण खरं उत्तर हाताशी नसतं तेव्हा कोण चुकलं हे ती बाकीच्यांच्या उत्तरांशी ताडूनच ठरवते. दोघे एकाच ठिकाणी अडखळत असतील तर ती त्यांचीच बाजू धरेल.

म्हणून माझं म्हणणं आहे की मतभेद पुसू नयेत. तिन्ही उत्तरं जपून ठेवावीत, आणि कोण कुठल्या भागातलं हेही, त्या माणसाच्या संमतीने, सोबत नोंदवावं. 'आवाज अस्पष्ट आहे' आणि 'मला ही बोली कळत नाही' यांना दोन वेगळी बटणं द्यावीत. बटण एकच असलं की आपली बोली कचऱ्यात जाते, आणि ती गेली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं बटण दाबलं गेलं तर फीत या भागातल्या माणसाकडे पाठवता येते. यात खर्च वाढतो, मान्य आहे. तो करावा.

आणि आपण? मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कॉमन व्हॉइस या लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी आहे. तिथे समोर आलेलं वाक्य वाचून आवाज देता येतो, इतरांचे आवाज ऐकून होकार-नकार देता येतो, आपला उच्चार कुठल्या वळणाचा तेही सांगता येतं. जमा झालेला संग्रह सर्वांना खुला असतो. अनगोळ-वडगावच्या आजी-आजोबांना शेजारी बसवा, त्यांचा आवाज नोंदवा. दुसऱ्याची फीत तपासताना आपल्या कानाला परका वाटलेला उच्चार घाईने नाकारू नका. चंदगडचा असेल, कारवारचा असेल. पुन्हा ऐका.