लिऊ शियांग: पहिल्या अडथळ्याआधीची सात पावलं

(दृश्य: स्लो मोशन, फक्त पाय)

मोजा. एक, दोन, तीन, पलीकडे. एक, दोन, तीन, पलीकडे.

ही ११० मीटरची अडथळ्यांची शर्यत, हर्डल्स. दोन अडथळ्यांमधलं अंतर ९.१४ मीटर आणि त्यात पावलं तीनच. अडथळा १०६.७ सेंटिमीटरचा, म्हणजे बहुतेकांच्या कमरेच्या वर. असे दहा. आता पायांवरून नजर काढून डोक्याकडे बघा. ते जवळजवळ एका रेषेत चाललंय. याला उडी म्हणतात खरं, पण हवेत जेवढा वेळ जाईल तेवढा तोटा. चांगला हर्डलर उडत नाही, अडथळ्यावरूनही धावतच जातो.

(दृश्य: जुनं फुटेज, सरावाचं मैदान)

लिऊ शियांग, शांघायचा, जन्म १३ जुलै १९८३. हा आधी उंच उडी मारायचा. प्रशिक्षक सुन हायपिंग यांनी त्याला हर्डल्सकडे वळवलं. वेगाच्या शर्यती आशियाई माणसाचं काम नाही, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. सुन यांच्या हाताखाली तेच तेच घोटलं गेलं: पुढचा पाय लवकर खाली, मागचा गुडघा काखेजवळून. २ जुलै २००२, लोझान, १३.१२ सेकंद. ज्युनियर गटाचा विश्वविक्रम. एकोणीस पूर्ण व्हायला अकरा दिवस बाकी होते.

(दृश्य: अथेन्स ऑलिंपिक, २७ ऑगस्ट २००४)

१२.९१. कॉलिन जॅक्सनच्या १९९३च्या विश्वविक्रमाशी बरोबरी. दुसरा आलेला ट्रॅमेल १३.१८ला पोचला, या शर्यतीत एवढं अंतर म्हणजे दुसरा दुसऱ्या गावात. ऑलिंपिक ॲथलेटिक्समध्ये सुवर्ण जिंकणारा हा पहिला चिनी पुरुष. पदक घ्यायला तो पायरी चढत नाही, टुणकन उडी मारतो. ही मात्र खरी उडी.

२००६ला लोझानमध्येच १२.८८, नवा विश्वविक्रम. २००७ला ओसाकात नवव्या लेनमधून विश्वविजेता.

(दृश्य: बीजिंग ऑलिंपिक, १८ ऑगस्ट २००८)

छातीवरचा आकडा १३५६. चिनी मोजणीत तेरा 'यी' म्हणजे १३० कोटी; तेवढे लोक आणि ५६ जमाती, असा अर्थ लोकांनी लावला. एवढं ओझं बिल्ल्यावर, आणि खाली दुखरी उजवी टाच. दुसऱ्या कुणाची तरी सुरुवात चुकते. लिऊ काही पावलं टाकून थांबतो, मांडीवरचा लेन नंबर सोलून काढतो.

(निवेदन नाही. बोगद्याकडे जाणारी पाठ, मग पत्रकार परिषदेत रडणारे सुन हायपिंग.)

टोमणे झाले, नाटकाचे आरोप झाले. डिसेंबरात ह्यूस्टनला शस्त्रक्रिया.

(दृश्य: स्टार्टिंग ब्लॉक, जवळून)

आता हे नीट बघा. सुरुवातीपासून पहिल्या अडथळ्यापर्यंत १३.७२ मीटर. लिऊ ते आठ पावलांत जायचा. क्यूबाचा रोब्लेस सात पावलांत जायचा आणि २००८मध्ये त्यानं १२.८७ करून विक्रमही नेला. एक पाऊल कमी, एवढंच? नाही. पाऊल एकानं घटलं की ब्लॉकवर पुढं ठेवायचा पायच बदलतो. जन्मभर उजव्या हातानं सही करणाऱ्याला डाव्यानं करायला सांगण्यासारखं. हे लिऊनं २०११मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या पायानं केलं. २०१२ला युजीनमध्ये १२.८७. पाठीशी वारा २.४ मीटर प्रतिसेकंद, चालतो दोनपर्यंतच. म्हणून विक्रमांत धरलं नाही. पावलं मात्र बरोबर सात.

(दृश्य: लंडन ऑलिंपिक, ७ ऑगस्ट २०१२)

तो रेटा देतो उजव्या पायानं. तोच हा शस्त्रक्रियेचा पाय. टाचेमागची जाड शीर, आपल्याकडे धोंडशीर म्हणतात ती, इथे तुटते. डावा पाय पहिल्याच अडथळ्यावर आदळतो.

बोगद्याकडे जाता जाता तो वळतो. एका पायावर लंगडी घालत, ट्रॅकच्या कडेनं.

(इथून फक्त स्टेडियमचा आवाज. शेवटच्या अडथळ्यावर टेकलेले ओठ. हंगेरीचा स्पर्धक बाजी त्याचा हात वर उचलतो. चाकाची खुर्ची.)

७ एप्रिल २०१५ला निवृत्तीची घोषणा. मे महिन्यात शांघायच्या स्टेडियममध्ये निरोप.

(दृश्य: रिकामा ट्रॅक. पहिल्या अडथळ्यापर्यंतचे १३.७२ मीटर.)