हिरवळीची तहान

(दृश्य : पहाटेची कृष्णा, मागे आयर्विन पूल.)

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला सोबत घेऊन कृष्णा सांगलीला पोहोचते, आणि ऐन उन्हाळ्यात तिच्या पात्रात किती पाणी राहील हे कोयना धरणातून होणाऱ्या विसर्गावर ठरते. शहर हेच पाणी पिते. नदीतून उपसलेल्या पाण्यातला गढूळपणा तुरटीने खाली बसवला जातो, मग ते वाळूच्या थरांतून गाळले जाते, क्लोरिनने निर्जंतुक होते आणि पुन्हा पंपाने उंच टाक्यांवर चढवले जाते. एवढे संस्कार झालेले पाणी सांगलीतल्या या उद्यानात वर्षानुवर्षे गवतावर सोडले जात होते.

(दृश्य : पाईपचे तोंड, अगदी जवळून.)

माळ्याने पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला आहे. पाण्याचा पंखा हिरवळीवर पसरतो, पण त्याची एक कड सतत फरशीवर पडते आणि तिथून ओघळ गटाराकडे जातो.

एका चौरस मीटर जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे 1 लिटर पाणी लागते. 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद अशा फुटबॉलच्या मैदानाला एका वेळी 5 मिलिमीटर पाणी दिले, तर 35,700 लिटर खर्ची पडतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज 135 लिटरचा निकष धरला जातो; त्या हिशेबाने हा अडीचशेहून अधिक माणसांचा एका दिवसाचा वाटा आहे.

(दृश्य : मिरज जंक्शन, रिकामे रूळ.)

या हिशेबाचे मोल मिरजेला वेगळे सांगावे लागत नाही. 11 एप्रिल 2016 रोजी येथूनच पाण्याने भरलेल्या 10 वाघिणींची (टाकीच्या डब्यांची) रेल्वेगाडी दुष्काळाने होरपळलेल्या लातूरकडे निघाली आणि सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे तेथे पोहोचली. त्या पहिल्या गाडीत जवळपास 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. पहिली गाडी पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 13 एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर घेण्याचा आदेश दिला, कारण दुष्काळात मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. लातूरकर ज्या पाण्यासाठी रांगेत उभे होते, ते पहिल्या गाडीतले सगळे पाणी आपल्या हिशेबातल्या मैदानाला चौदा वेळा शिंपण्यात संपले असते.

(दृश्य : जाळी बाजूला सारलेली विहीर.)

उद्यानाच्या कोपऱ्यातली ही दगडी विहीर लोखंडी जाळी टाकून बंद केलेली होती. हिरवळीला नळाचे पाणी द्यावे लागू नये म्हणून जाळी काढली, तेव्हा पाण्यावर निर्माल्य, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कुजलेले नारळ तरंगत होते. आधी तो कचरा काढला गेला, मग मोटार लावून पाणी उपसले गेले, आणि त्यानंतर तळाचा काळा, चिकट गाळ घमेल्या-घमेल्याने वर आला. गाळ निघाल्यावर दगडांच्या सांध्यातून पाझर दिसू लागला. विहीर किती वेळात भरून येते हे पाहण्यासाठी माळ्यांनी एका दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर तासाला दोरी आत सोडून भिजलेल्या गाठी मोजल्या. विहिरीचा अंदाज घेण्याची ही रीत जुनी आहे, आणि आजही ती उपयोगी पडते.

पाणी मचूळ निघाले. क्षार साचून नापीक झालेल्या, म्हणजेच क्षारपड, अशा कृष्णाकाठच्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातला धोका ठाऊक आहे, म्हणूनच पाण्याची तपासणी झाल्याशिवाय ते झाडांना देऊ नये, हे आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे. हरळी मात्र असे पाणी पुष्कळ सोसते. तिची मुळे खोल जातात आणि आपल्या मातीत ती मुळातच रुजलेली आहे.

(दृश्य : खुरपे, मातीचा गोळा.)

तासगावचा द्राक्षबागायतदार ठिबकच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो. शहराच्या बागेत तो ठेवला जात नव्हता. आता पाणी देण्यापूर्वी माळी खुरप्याने बोटभर खोलीची माती काढतात आणि मुठीत दाबतात. गोळा झाला तर जमिनीत ओल आहे, आणि त्या दिवशी पाणी दिले जात नाही. वाफसा आल्यावर, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि कोरडीही नाही अशी झाल्यावर, तेही पहाटे, पुरेसे खोलवर मुरेल असे पाणी दिले जाते, त्यामुळे मुळे ओलीच्या शोधात खाली उतरतात. झुडपांच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरला आहे. पूर्वी तो जाळला जात असे.

मोठ्या मैदानांना मात्र विहीर पुरणार नाही. त्यांच्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी हाच खरा आधार आहे, आणि शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी धुळगाव या गावाच्या शेतीला देण्याची योजना आखणाऱ्या या शहराला ही कल्पना नवी नाही.

(दृश्य : विहिरीचा कठडा, सकाळ.)

या उद्यानातील नळाचे पाणी आता फक्त पिण्याच्या टाकीत जाते. गाठींची दोरी कठड्याला बांधलेली आहे, आणि दर सोमवारी माळी तिच्या भिजलेल्या गाठी मोजून आकडा वहीत लिहितात.