दोन बेल

(अंधार. भिंतीवरचं घड्याळ.)

मुंबईच्या मोटरमनवरची, म्हणजे लोकल चालवणाऱ्यांवरची आमची फिल्म इथून सुरू होते. पहाटेचे पावणेचार वाजलेत. सीएसएमटीच्या लॉबीत ट्यूबलाइट चालूय. लॉबी म्हणजे मोटरमन जिथे ड्युटीवर हजर होतात ती खोली. आधी नळीत फुंकायचं, दारू प्यायलेली नाही ना याची तपासणी, मग सही, मग नोटिसा वाचायच्या, कुठे रुळाचं काम चाललंय, कुठे गाडी हळू घ्यायची, आणि हे सगळं होईपर्यंत कोणी फारसं बोलत नाही, बघा चेहरे.

(कॅब, म्हणजे मोटरमनची केबिन. हँडलवरचा हात.)

हा हात नीट बघा. गाडी चालू असेपर्यंत हे हँडल दाबूनच धरायचं, सुटलं की ब्रेक आपोआप लागतात. याला डेडमॅन म्हणतात. घाम पुसायचा तर दुसऱ्या हाताने. कल्याण स्लो म्हणजे सुमारे 54 किलोमीटर, सीएसएमटी सोडल्यावर 25 स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी गाडी अचूक जागेवर थांबवायची, आणि मधे सिग्नलमागून सिग्नल, पिवळा, डबल पिवळा, हिरवा. कॅबमधे माणूस एकटा असतो, तरी सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने बोलतो. तोंडातून शब्द निघाला की लक्ष जागेवर राहतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कोणाशी बोलतायत, मग कळलं, स्वतःशीच. लाल सिग्नल चुकून ओलांडला तर चौकशी, म्हणून नजर हलत नाही.

(समोरून पळणारे रूळ. आवाज नाही.)

2023 साली मुंबईच्या लोकल मार्गांवर 2,590 माणसं जीवानिशी गेली, सगळ्यात जास्त रूळ ओलांडताना. भरधाव लोकल इमर्जन्सी ब्रेक मारला तरी काहीशे मीटर पुढे जाते, मोटरमनला समोरचा माणूस दिसतो, पण गाडी वळवता येत नाही. ते आम्ही शूट केलं नाही, करणारही नव्हतो. नंतर मेमो लिहायचा, गाडी पुढे.

(लॉबीतला बाक. दोन माणसं, दोन चहा.)

हा शॉट 11 मिनिटांचा होता, एडिटला कापायला मन झालं नाही, पण कापावा लागला. डावीकडचे मोटरमन दादा, आदल्या रात्री त्यांच्या गाडीखाली एक माणूस आला. उजवीकडचे त्यांचे सिनियर, ज्यांची ड्युटी संपून तास झालाय तरी घरी गेलेले नाहीत. काय झालं, कसं झालं, काहीच विचारत नाहीत. एकदाच विचारलं, जेवलास का? मग नुसते बाजूला बसून. बऱ्याच वेळाने दादाच बोलायला लागतात, त्या माणसाच्या शर्टाचा रंग सांगतात, आम्ही तिथे आवाज बंद केलाय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मधे मानसिक प्रथमोपचारावर पुस्तिका काढली, तिचं सार तीन शब्दात: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायची जबरदस्ती करू नका असंही त्यात आहे. या सिनियरनी ती वाचली नसेल, पण करतायत नेमकं तेच. आपण ऑफिसात म्हणतो ना, मन घट्ट कर, अरे पण ते एकट्याने होत नाही, कोणीतरी बाकावर जागा करून द्यावी लागते! प्रत्येक कामाच्या ठिकाणी असा एक बाक हवा, हे मला या शूटिंगनंतर मनापासून वाटतं, आणि तिथे बसायला ड्युटीतून वेळही मिळायला हवा.

(घर. दुपार. खिडकीला जाड चादर.)

दुपारी बारा वाजता इथे रात्र असते. वहिनींनी कुकरसुद्धा आधीच लावून ठेवलाय, शिट्टीने झोप मोडू नये म्हणून. रेल्वे घरच्यांनाही बोलावून ड्युटीआधीच्या झोपेबद्दल समजावते, पण वहिनी म्हणतात हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. उठल्यावर दादा गॅलरीत बसून श्वास घेतात, घेताना चार मोजून, सोडताना सहा. श्वास सोडायला जास्त वेळ लावला की छातीतली धडधड हळूहळू उतरते.

पहिले काही दिवस तेच चित्र डोळ्यासमोर येणं, दचकून उठणं, हे कोणालाही होतं. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, त्या जागेवरून जाताना हात गार पडत असतील, तर डॉक्टरकडे जायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

(प्लॅटफॉर्म. गाडी उभी.)

नवव्या दिवशी दादा परत कॅबमधे. बारा डब्यांच्या गाडीत गार्ड मागच्या टोकाला, पाव किलोमीटर लांब. 2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, लॉबीत अजून गार्डच. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, बेलवरच कळवायचं, दोन बेल म्हणजे गाडी सोड. दादा हँडलवर हात ठेवतात. सिग्नल हिरवा. हात करून मोठ्याने म्हणतात, हिरवा.

मागून दोन बेल येतात.