आवड तशीच, धाव थांबते

श्रोतेहो, नमस्कार. मेंदूतलं डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, असं हल्ली मोबाइलवर सारखं ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. का, ते जनावरांवरच्या प्रयोगांतूनच सांगतो.

१९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेझरपिन दिलं, म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून निघणारं औषध. त्यानं मेंदूतलं डोपामाइन आटतं; ससे निपचित पडले. मग ज्यापासून मेंदूत डोपामाइन तयार होतं ते एल-डोपा टोचलं, आणि ससे पुन्हा हिंडू लागले. कंपवाताच्या आजच्या उपचारांची वाट इथूनच निघाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

डोपामाइन पेशीवर जिथं काम करतं त्या रिसेप्टरचे पाच प्रकार आहेत, डी-१ ते डी-५. मनोविकारांवर देतात ते हॅलोपेरिडॉल प्रामुख्यानं डी-२ अडवतं. मोठा डोस दिलेल्या उंदराचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले, तर तो तसाच राहतो, उतरतच नाही. उलट ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधानं डोपामाइन वाढवलं, की उंदीर एकाच जागी हुंगत, चाटत, कुरतडत बसतो. याला आनंद म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

खरी गंमत हलक्या डोसात आहे. अमेरिकेतल्या जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगात कळ दाबली की चविष्ट गोळी मिळायची, आणि शेजारी साधं खाद्य फुकट ठेवलेलं असायचं. एरवी उंदीर कळ दाबून गोळ्याच मिळवायचे. थोडं हॅलोपेरिडॉल दिलं तर कळ दाबणं घटलं, पण साधं खाद्य जास्त खाल्लं गेलं. भूक मेली असती तर तेही घटलं असतं. रोज कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिणाऱ्या गड्यानं अचानक घरातल्या पिशवीवर भागवावं, तसं हे. दूध आवडतंच, उठून जायचा नाद तेवढा गेला.

हीच विद्या पशुवैद्य वापरतात. माजानंतर काही कुत्र्या गाभण नसताना दुधावर येतात, चपला किंवा खेळणी पिल्लासारखी जपतात. तेव्हा कॅबरगोलिन देतात. ते डी-२ चेतवतं, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक उतरतं, दूध आटतं आणि चपलेची माया सुटते. मात्र कुत्री खरोखर गाभण असेल तर याच औषधानं गर्भ पडू शकतो. म्हणून आधी पशुवैद्याकडून पोट तपासून घ्या.