काचेच्या मधोमध तीस सेकंद

हा जो घोंघावल्यासारखा आवाज येतोय ना, तो वाऱ्याचा. काचेची गोल खोली, पायाखाली ताणलेली जाळी आणि त्या जाळीतून सरळ वर येणारा वारा, पोटावर झोपून तरंगायचं तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. वरचे पंखे हवा खेचून घेतात, ती बाजूच्या बोगद्यातून फिरून परत खालीच येते. विमान नाही, पॅराशूट नाही, तरी माणूस तरंगतो. याला म्हणतात इनडोअर स्कायडायव्हिंग, आणि या काचेच्या खोलीला विंड टनेल, म्हणजे नुसतं टनेल.

१९६४ साली अमेरिकेत, ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर जॅक टिफनी असा पहिल्यांदा उडाला. आज हैदराबादला टनेल आहे, आपल्या सैन्याने हिमाचलमध्ये बकलोहला कमांडोंच्या सरावासाठी बसवलाय, आणि २०१५ पासून तर याची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते.

आता मुद्द्याचं. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत हातात साधारण एक मिनिट असतं, बस. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी, तिथे चुकलं तर परत करून बघू असं म्हणायची सोयच नव्हती. टनेलमध्ये ती सोय आहे, दहा मिनिटं उडलात म्हणजे जवळजवळ दहा उड्यांचा सराव झाला. पण पैसे मिनिटावर जातात, त्यामुळे आत जाताना नेमकं काय करायचंय हे डोक्यात नसेल तर ती मिनिटं नुसती वाऱ्यावर जातात, आणि माझी पहिली चार तशीच गेली.

तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, "हेड-डाउन शिकायचं." व्हिडिओत बघितलेलं, लोक डोकं खाली पाय वर करून काचेला नाक लावून गरगर फिरतात, वेड लागतं बघून! इन्स्ट्रक्टरने वही वाचली आणि शांतपणे विचारलं, आज त्यातलं काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यानेच सांगितलं, तीस सेकंद मधोमध राहायचं, काचेला हात लागू द्यायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं पण आत गेल्यावर कळतं की अंगातला प्रत्येक ताण वाऱ्याला समजतो. पाय सरळ केले की तुम्ही पुढे सरकता, गुडघे दुमडले की मागे, एक खांदा जरा खाली गेला की गोल फिरायला लागता, आणि घाबरून हात आवळले तर सरळ जाळीवर. आकाशात हे कळतच नाही कारण आजूबाजूला काही नसतं, इथे काच आहे ना, वीतभर सरकलात तरी दिसतं. म्हणून मला वाटतं टार्गेट असं हवं की व्हिडिओ लावल्यावर तिसऱ्या माणसालाही सांगता यावं, जमलं की नाही. "कंट्रोल सुधारायचा" हे कोणाला दिसणार?

आत बोललेलं ऐकू येत नाही, सगळं खुणांवर चालतं. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब कर, दोन बोटं वाकडी म्हणजे गुडघे दुमड. अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात हलवला की सैल सोड. मला हीच खूण सगळ्यात जास्त वेळा मिळाली. म्हणून दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं ते काही करण्याबद्दल नव्हतंच, श्वास सोडायचा आणि हनुवटी वर ठेवायची, एवढंच. त्या दिवशी अकरा सेकंद जमली, मग अठरा, मग परत नऊ. नऊ पण लिहून ठेवलेत, कारण त्या दिवशी झोप झाली नव्हती आणि ते दिसतंय.

इंटरनॅशनल बॉडीफ्लाइट असोसिएशनच्या लेव्हल्स आहेत, आधी पोटावर, मग पाठीवर, मग बसून, मग डोकं खाली. बसून उडायला आणि हेड-डाउनला वारा बराच जास्त लागतो, तिथे तोल गेला तर धडक पण तेवढीच जोरात, म्हणून हा क्रम आहे, आणि तो मोडू नका असं मी मनापासून सांगेन. खांदा आधी कधी निखळला असेल तर बुकिंग करतानाच सांगा, लपवू नका.

तीस सेकंद सहाव्या फेरीत झाली. बाहेर आल्यावर हात थरथरत होते, आणि काचेपलीकडे रांगेत बसलेल्या एका शाळकरी मुलीने टाळ्या वाजवल्या, ओळख ना पाळख.

आता वहीत पुढचं पान आहे. डावीकडे नव्वद अंश वळायचं आणि तिथेच थांबायचं. वळणं तर खांदा झुकवला की आपोआप होतंय, थांबायला उलटा खांदा नेमका किती आणि कधी द्यायचा ते अजून हाताला कळत नाहीये. शनिवारी चार मिनिटं बुक केली आहेत, चारही फक्त त्या थांबण्यासाठी.